तीन सभांचा दिवस : आकाशवाणीच्या कार्यक्रम-पत्रिकेचे वाचन

मराठीत रेडिओवर लिहिले गेले नाही असे नाही. आकाशवाणीत नोकरी केलेल्यांच्या आठवणी आहेत, ‘गीतरामायणा’च्या जन्मकथा आहेत, जुन्या निवेदकांच्या मुलाखती आहेत आणि दिवाळी अंकांतून ‘ते दिवस’ या सुरातले लेखही येत असतात. या लेखनात जिव्हाळा भरपूर आहे, समीक्षा मात्र थोडी. जी आहे तीही एकेका कार्यक्रमाची. गाणे गाण्यांच्या पुस्तकात जाते, श्रुतिका नाट्यवाङ्मयाच्या इतिहासात एखाद्या परिच्छेदापुरती येते, भाषण छापले गेले तर ललितलेख म्हणून वाचले जाते. श्रोत्यापर्यंत मात्र या गोष्टी अशा सुट्या आल्याच नव्हत्या. गाण्याच्या आधी बाजारभाव होते, श्रुतिकेनंतर बातम्या होत्या, भाषण संपताच सतार सुरू होत होती. या क्रमाकडे, या शेजाराकडे आपल्या समीक्षेने पाहिलेले नाही.

प्रस्तुत लेखात एवढेच मांडायचे आहे की, आकाशवाणीची सर्वांत मोठी निर्मिती म्हणजे तिचा मिश्र दिवस. भाषण, नाटक आणि संगीत यांची वेळेवर केलेली मांडणी ही एक रचना होती. तिच्यामागे विचार होता, तिला स्वतःचे सौंदर्य होते आणि स्वतःचे दोषही होते. म्हणून ही रचना एखाद्या संहितेसारखी वाचून पाहावी, असा हा प्रयत्न आहे.

या विषयाकडे मी वळलो तो एका वहीमुळे. माझी आत्या तेव्हाच्या उत्तर सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहत असे. आजोबा शाळामास्तर होते आणि घरात बॅटरीवर चालणारा रेडिओ होता. आत्या लग्नाआधी दोन-तीन वर्षे रेडिओ ऐकून वहीत टिपणे करीत असे. ती वही तिच्या पश्चात माझ्याकडे आली. तिच्यातल्या एका पानावर गाण्याचे शब्द आहेत, समोरच्या पानावर जोंधळ्याची कणी पडू नये म्हणून बियाण्याला गंधक चोळण्याची कृती आहे, तिच्याखाली दोन रागांची नावे आणि त्यांच्या वेळा, आणि कोपऱ्यात लिंबाच्या लोणच्याचे प्रमाण. आत्याने शेती कधी केली नाही. गंधकाची कृती तिने का लिहून घेतली असेल, हा प्रश्न मला पडला आणि त्याचे उत्तर शोधताना मी कार्यक्रम-पत्रिकेपर्यंत पोहोचलो.

‘सभा’ हा शब्द

आकाशवाणीच्या परिभाषेत दिवसाचे तीन भाग असत : पहिली सभा, दुसरी सभा आणि तिसरी सभा. सकाळी संकेतधून वाजून पहिली सभा सुरू व्हायची, काही तासांनी ती संपल्याचे निवेदक सांगायचा आणि केंद्र गप्प व्हायचे. दुपारी पुन्हा, संध्याकाळी पुन्हा. प्रसारण चोवीस तास वाहत नसे; मध्ये शांतता असे. या खंडांमुळे दिवसाला आदि-मध्य-अंत मिळाला होता. ‘सभा’ या शब्दातच माणसे जमणे आणि उठून जाणे हे दोन्ही आहे.

ती संकेतधूनही लक्षात घ्यावी. तिच्या रचनेचे श्रेय वॉल्टर काउफमान यांना दिले जाते. हे ज्यू संगीतकार युरोपातून मुंबईत आले आणि १९३०च्या दशकात मुंबई केंद्राच्या पाश्चात्त्य संगीत विभागात होते. धून ऐकणाऱ्याला शिवरंजनीची आठवण होते, खाली तंबोरा आहे आणि वर व्हायोलिन. म्हणजे मिश्रणाची सुरुवात पहिल्या बातमीच्याही आधी होत होती.

मिश्र कार्यक्रमांची कल्पना मुळात आपली नव्हे. बीबीसीचे पहिले प्रमुख जॉन रीथ यांचा आग्रह असा की, श्रोत्याला जे हवे आहे त्याबरोबर जे हवे आहे हे त्याला अजून ठाऊक नाही तेही द्यावे, आणि दोन्ही एकाच वाहिनीवर द्यावे. मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. ती कंपनी १९३० मध्ये बुडाली आणि सरकारने प्रसारण हाती घेतले. १९३५ मध्ये बीबीसीतून लायोनेल फील्डन आले आणि पुढच्या वर्षी ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ झाले. त्यांच्याबरोबर ती मिश्र पत्रिकेची रीतही आली.

ती इथे रुजली याचे एक कारण साधे आहे : दुसरा पर्याय नव्हता. १९४७ मध्ये भारताच्या वाट्याला सहा केंद्रे आली. त्यांचे प्रसारण देशाच्या अडीच टक्के भूभागापर्यंत आणि अकरा टक्के लोकांपर्यंतच पोहोचत होते. अशा वेळी शास्त्रीय संगीतासाठी वेगळी, नाटकांसाठी वेगळी वाहिनी काढणे शक्य नव्हते. एका केंद्राने सर्वांसाठी सर्व काही करायचे, हे गरिबीतून आलेले तत्त्व होते. त्याचे सौंदर्य नंतर दिसले.

वेळेचे संगीत

सकाळची सभा पाहू. मंगलध्वनी, भक्तिगीते, चिंतन, मग बातम्या. पुण्याच्या प्रादेशिक बातम्यांची सात वाजून पाच मिनिटांची वेळ आणि सुधा नरवणे यांचा आवाज ही जोडी पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेक घरांत घड्याळाचे काम करीत असे. १९७४ मध्ये संस्कृत बातम्या सुरू झाल्या आणि पुढे सातच्या आधीची पाच मिनिटे त्यांची झाली. त्या किती जणांना कळत होत्या हा प्रश्न बाजूला ठेवू. पण ‘सम्प्रति वार्ताः श्रूयन्ताम्’ हे शब्द दात घासताना ऐकलेली एक पिढी आहे. संस्कृत बातम्या मुद्दाम कोण लावणार? त्या सातच्या आधी होत्या म्हणून ऐकल्या गेल्या.

यानंतर सकाळच्या सभेत शास्त्रीय गायन-वादन येई. रेडिओने केलेले एक काम इथे नीट नोंदवले पाहिजे. आपल्या रागसंगीताला वेळेचे बंधन आहे आणि जाहीर मैफली बहुतेक संध्याकाळी किंवा रात्री होतात. त्यामुळे यमन, बिहाग, मालकंस श्रोत्याच्या कानावर पुन्हा पुन्हा पडतात. तोडी किंवा बिलासखानी ऐकायला मिळावी तर सकाळची मैफल हवी आणि वृंदावनी सारंग किंवा गौड सारंग यांच्यासाठी तर भर दुपारची. दुपारी बारा-एक वाजता मैफल कोण ठेवणार? रेडिओला मात्र दुपारची सभा भरायचीच होती. त्यामुळे सारंगाचे प्रकार, मुलतानी, भीमपलास हे राग आपापल्या वेळी, स्वयंपाक-जेवण आटोपता आटोपता घराघरांत ऐकले गेले. आत्याच्या वहीत रागांपुढे वेळा लिहिल्या आहेत, त्या कुणी शिकवलेल्या नाहीत. राग ज्या वेळी ऐकला ती वेळ तिने लिहिली. कार्यक्रम-पत्रिकेनेच तिला रागसमयाचे शास्त्र शिकवले होते.

रात्रीच्या बाजूला १९५२ पासून शनिवारी साडेनऊला संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम होता, तो दीड तासाचा. त्या आधीच्या प्रसारणाची मापे दहा, पंधरा किंवा तीस मिनिटांची. इतके लहान तुकडे जोडत आलेला दिवस आठवड्यातून एकदा दीड तास एकाच कलावंतावर थांबतो, यालाही रचना म्हणावे लागेल. विस्तार कुठे करायचा आणि कुठे आवरायचे, याचे भान तिच्यात आहे.

पुणे, १९५६चा वसंत

आता एका केंद्राचा एक हंगाम जवळून पाहू. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला, शुक्रवारी, तिथून ‘गीतरामायण’ सुरू झाले. कल्पना केंद्राचे सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडके यांचे. शुक्रवारी नवे गीत आणि शनिवारी-रविवारी त्याचेच पुनःप्रसारण, असा क्रम होता. त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे पुढच्या रामनवमीपर्यंत, म्हणजे १९ एप्रिल १९५६ पर्यंत, गीतांची संख्या ५६ झाली.

आज ‘गीतरामायण’ म्हटले की एकट्या सुधीर फडके यांचा आवाज आठवतो. ते मैफलीचे आणि ध्वनिमुद्रिकांचे गीतरामायण आहे. रेडिओवरचे वेगळे होते. तिथे माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते, राम फाटक होते. पात्रागणिक गळा बदलत होता. म्हणजे रेडिओवर जे ऐकू आले ते साप्ताहिक श्राव्य नाट्य होते. एका आठवड्यात एकच प्रसंग, एकाच पात्राच्या तोंडून, आणि पुढचे ऐकायला सात दिवस थांबायचे. पुढे मैफलीत तीच गीते एका गायकाच्या आवाजात सलग आली तेव्हा त्यांचे कीर्तनाशी नाते अधिक जवळचे झाले. दोन्ही रूपे मोठीच आहेत. पण ती एक नव्हेत. आपली समीक्षा दुसऱ्या रूपावर लिहिते आणि पहिल्याचे श्रेय त्याला देते.

आत्याच्या वहीत गीतांचे शब्द तीन वेगवेगळ्या छटांच्या शाईत आहेत. शुक्रवारी जे हाती लागले ते लिहिले, गाळलेल्या जागा शनिवारी भरल्या, उरलेल्या रविवारी. दोन-चार जागा अजून रिकाम्या आहेत. शब्द छापून येत होते, पण त्या घरी ते पोहोचत नसावेत किंवा तिला ते कानांनीच मिळवायचे असावेत. पुनःप्रसारण ही कार्यक्रम-पत्रिकेतली कोरडी नोंद वाटते. एका मुलीच्या वहीत तिचा उपयोग असा दिसतो.

‘गीतरामायणा’चे शेवटचे महिने चालू असताना त्याच पुणे केंद्रावर दुसरा एक प्रयोग सुरू होता. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात युनेस्कोच्या साहाय्याने ग्रामीण श्रोता-मंडळांचा प्रकल्प झाला. दीडशे गावांत मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा, असे वीस कार्यक्रम. गावातली वीसेक माणसे एकत्र बसून ऐकायची, ऐकल्यावर चर्चा करायची, प्रश्न केंद्राकडे पाठवायची आणि पुढच्या प्रसारणात त्यांची उत्तरे ऐकायची. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी त्याचा अभ्यास केला. तो युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. अभ्यासाच्या पुस्तकावर दुसरे नाव आहे जे. सी. माथुर यांचे. आकाशवाणीचे त्या वेळचे महासंचालक म्हणजे हिंदीतले ‘कोणार्क’कार जगदीशचंद्र माथुर.

त्याच काळात पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात व्यंकटेश माडगूळकर होते. धाकटा भाऊ शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात आणि थोरल्याचे रामायण शुक्रवारी. एकाच केंद्राच्या एकाच आठवड्याच्या पत्रिकेत ही दोन नावे बसतात. मराठी वाङ्मयेतिहासात मात्र हे शेजारपण कुठेच येत नाही, कारण तिथे गीत आणि ग्रामीण कथा यांची प्रकरणे वेगळी असतात.

आत्याच्या गंधकाच्या कृतीचे कोडे इथे सुटते. पुढच्या गाण्याची वाट पाहत रेडिओ चालू ठेवलेला असायचा आणि मध्ये शेतीचा कार्यक्रम लागायचा. बॅटरी जपून वापरायची असली तरी गाणे चुकू नये म्हणून रेडिओ थोडा आधी लावला जाई. हातात पेन होते, वही उघडी होती. तिने लिहून घेतले.

या गोष्टीवरून मोठा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. मिश्र पत्रिकेमुळे ज्ञान आपोआप पसरले, असे म्हणावेसे वाटते. न्यूराथ यांचा अभ्यास तसे म्हणू देत नाही. ज्या गावांत मंडळे होती तिथे लोकांच्या माहितीत ठळक वाढ दिसली. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तिथे वाढ नाममात्र होती. म्हणजे नुसते कानावर पडणे पुरेसे नव्हते. ऐकल्यावर बोलणे लागत होते. आत्याच्या घरी गंधक बियाण्याला कुणी चोळले की नाही, हे वही सांगत नाही. बहुधा नसेलच. शेजारच्या कार्यक्रमाने तिला आपल्या जगाबाहेरच्या एका कामाची ओळख करून दिली, एवढेच म्हणता येईल. मिश्र दिवसाची ताकद आणि मर्यादा दोन्ही या एका नोंदीत आहेत.

बोलण्याची मापे

भाषण हा रेडिओचा सर्वांत दुर्लक्षित प्रकार. व्यासपीठावरचा वक्ता समोरच्या चेहऱ्यांवरून आपला वेग ठरवतो. माइकपुढे चेहरा नसतो, घड्याळ असते. दहा मिनिटांत हजार-बाराशे शब्द मावतात. वाक्य लांबले तर श्रोता मागे जाऊन ते पुन्हा वाचू शकत नाही. त्यामुळे मराठी गद्याला रेडिओने एक शिस्त लावली : कर्ता-क्रियापदात अंतर कमी, संदर्भ तिथल्या तिथे, एका वेळी एकच मुद्दा. स्वातंत्र्योत्तर ललित गद्यातला गप्पांचा, समोर बसून बोलल्यासारखा सूर कुठून आला याचा शोध घेताना नियतकालिकांबरोबर माइकचाही विचार व्हायला हवा. पु. ल. देशपांडे आकाशवाणीत होते आणि त्यांचे या माध्यमासाठीचे लेखन ‘रेडिओवरील भाषणे आणि श्रुतिका’ या नावाने दोन भागांत उपलब्ध आहे, हे आपले भाग्य. ते लेखन त्यांच्या इतर विनोदी लेखनाशेजारी ठेवून वाचावे. कानासाठी लिहिलेले वाक्य कसे वेगळे बांधले जाते, हे त्यात दिसते.

भाषेच्या बाबतीत दिवसाची पत्रिका आणखी काही उघड करते. बातम्यांची मराठी प्रमाण. व्याख्यानांची प्रमाण. भावगीताची प्रमाण, थोडी तत्सम. दुपारी ‘वनिता मंडळ’. तिथे बोलणे घरगुती, पण तेही शहरी मध्यमवर्गीय घराचे. मुंबई केंद्रावर संध्याकाळी ‘कामगार सभा’ आणि केंद्रोकेंद्री शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम. बोलीला जागा मिळाली ती मुख्यतः या शेवटच्या तासात. गावचा माणूस रेडिओवर बोलायचा तो शेतीबद्दल. राज्यघटनेबद्दल किंवा कवितेबद्दल बोलण्यासाठी त्याला सहसा बोलावले जात नसे. बाईला दुपार, कामगाराला संध्याकाळ, आणि ज्यांना कोणतेच विशेषण नाही अशा ‘सर्वसाधारण’ श्रोत्याला उरलेला सगळा दिवस. हा सर्वसाधारण श्रोता कोण, हे पत्रिका न सांगताही सांगते. मिश्र दिवसाच्या प्रेमात पडताना ही वाटणी विसरून चालणार नाही.

तरीही एक फरक होता. वाटणी वेळेची होती, भिंतीची नव्हती. ‘कामगार सभा’ प्राध्यापकाच्या घरीही ऐकू येत होती, आणि ‘वनिता मंडळ’ दुपारी दुकानात बसलेला माणूसही ऐकत होता. कार्यक्रम कुणासाठी आहे हे ठरवणे केंद्राच्या हाती होते. कोण ऐकतो हे नव्हते.

अंधारातले नाटक

खास रेडिओसाठी लिहिलेले पहिले नाटक म्हणून रिचर्ड ह्यूज यांच्या १९२४च्या नाटकाचा उल्लेख होतो. ते खाणीत घडते, आणि सुरुवातीलाच दिवे जातात. पात्रांनाही दिसत नाही आणि श्रोत्यालाही. माध्यमाची उणीव नाटकाची परिस्थिती बनते. मराठीत याची जाण फार लवकर आली ती बा. सी. मर्ढेकरांना. ते आकाशवाणीत अधिकारी होते. ‘कर्ण’, ‘संगम’, ‘औक्षण’, ‘बदकांचे गुपित’ या त्यांच्या संगीतिका चाळिशीच्या दशकातल्या. मर्ढेकरांवर मराठीत जितके लिहिले गेले, त्याच्या तुलनेत या संगीतिकांवर फारच कमी. ज्या कवीने शब्दाच्या लयीचा इतका विचार केला, तो रोज आवाजाच्या कारखान्यात काम करीत होता, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. त्यांचे निधन २० मार्च १९५६ रोजी झाले. वर वर्णन केलेल्या त्याच वसंतात.

श्रुतिकेची रोजची बाजू मुंबई केंद्राच्या ‘प्रपंच’ आणि ‘पुन्हा प्रपंच’मध्ये दिसते. प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी. म्हणजे प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर. तीन आवाज, एक घर आणि काही मिनिटांची खुसखुशीत वादावादी. त्याला नाटक म्हणावे की नाही, असा प्रश्न नाट्यसमीक्षक विचारील. पण त्यातली कारागिरी पाहावी. पडदा नाही, प्रवेश नाही, नेपथ्य नाही. कोण आले, कोण उठले, कुणी नाक मुरडले, हे सगळे संबोधनांतून कळायला हवे. ‘भावजी’ या एका शब्दात कोण बोलते, कुणाशी बोलते आणि त्यांचे नाते काय, या तिन्ही गोष्टी येतात. मराठीच्या नातेवाचक शब्दांनी रेडिओ-लेखकाचे अर्धे काम केले आहे.

शिवाय रेडिओ नव्या नाटककारासाठी उघडे दार होते. रत्नाकर मतकरींची ‘वेडी माणसं’ ही पहिली एकांकिका १९५५ मध्ये मुंबई आकाशवाणीवरून प्रसारित झाली; तेव्हा ते विशीतही नव्हते. रंगमंचावर नवख्या लेखकाला संस्था, नट आणि पैसे लागतात. रेडिओला रोज संहिता लागत होती. रोज भरावा लागणारा दिवस नव्या लेखकाच्या पथ्यावर पडला.

बंद दारे

आता दुसरी बाजू. दिवस कुणीतरी रचत होते, म्हणजेच कुणीतरी नाकारतही होते. हार्मोनियमवर १९४०च्या मार्चपासून आकाशवाणीत बंदी होती. ती उठायला तीस वर्षे लागली, आणि तीही पूर्ण नव्हे. ज्या वाद्यावर मराठी नाट्यसंगीत आणि कीर्तन वाढले, ते वाद्य मराठी केंद्रांच्या स्टुडिओत नव्हते. पु. ल. हे पेटीवर जीव असलेले कलावंत तिथे नोकरीला होते, यातला विरोध वाचकाने स्वतःच पाहावा.

१९५२ ते १९६२ या काळात बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री होते. त्यांचा जन्म पुण्याचा. शास्त्रीय संगीताला मिळालेला राष्ट्रीय कार्यक्रम, संगीत संमेलन हे त्यांच्या काळातले श्रेय. चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली, हेही त्यांच्याच काळातले. श्रोत्याने काय केले? त्याने सुई सिलोनकडे फिरवली. दर बुधवारी ‘बिनाका गीतमाला’ ऐकणाऱ्या घरांनी रीथसाहेबांच्या तत्त्वाला दिलेले ते उत्तर होते. हवे ते मिळत नसेल तर न मागितलेले किती वेळ ऐकायचे?

केसकरांच्या धोरणाला दुसरी एक बाजू आहे. चित्रपटगीतांची रिकामी जागा भरण्यासाठी केंद्रांवर सुगम संगीताचे विभाग वाढवले गेले. मराठी भावगीताला त्याचा मोठा फायदा झाला. ‘गीतरामायण’ करणारे दोघेही चित्रपटसृष्टीतले मातब्बर. पण रेडिओसाठी त्यांनी चित्रपटाबाहेरचे काम केले. पुढे मुंबईच्या ‘भावसरगम’मधून ‘शुक्रतारा’सारखे गीत आले आणि श्रीनिवास खळे, मंगेश पाडगावकर, अरुण दाते ही नावे एकत्र ऐकू आली. बंदी चुकीची होती. तिच्या सावलीत उगवलेले मात्र टाकाऊ नाही.

३ ऑक्टोबर १९५७ या दिवशी दोन गोष्टी घडल्या. ‘गीतरामायण’ सरकारच्या प्रकाशन विभागाने पुस्तकरूपात आणले, आणि ‘विविध भारती’ सुरू झाली. एका बाजूला रेडिओवरची एक रचना दिवसाच्या पत्रिकेतून सुटून स्वतंत्र झाली. दुसऱ्या बाजूला करमणुकीची वेगळी वाहिनी निघाली. पंडित नरेंद्र शर्मांसारख्या कवीने तिला घाट दिला, ‘हवा महल’सारखी छोटी नाटके तिने टिकवली, नावाप्रमाणे विविधता तिथेही होती. पण बाजारभाव, व्याख्यान आणि बडा ख्याल तिथे नव्हते. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर इथे तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या. श्रोत्याची आवड आता मोजायची वस्तू झाली. एफएमच्या खासगी वाहिन्यांनी नंतर जे केले, त्याची दिशा इथेच ठरली होती.

आता काय करावे

आज ऐकण्याची साधने पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक आहेत. हवे ते गाणे हव्या त्या क्षणी मिळते. पॉडकास्टमध्ये मराठीत चांगले बोलणे होत आहे, आणि दुपारचा सारंग रात्री ऐकायलाही कुणाची हरकत नाही. याबद्दल रडगाणे गाण्याचे कारण नाही. जुन्या दिवसाने दारे बंद केली होती त्यांतली पुष्कळशी आता उघडली आहेत. बोलीत बोलणाऱ्याला संध्याकाळच्या तासाची वाट पाहावी लागत नाही.

एक गोष्ट मात्र आता कुणाचेच काम राहिलेली नाही : मी न मागितलेले, माझ्यासाठी न केलेले, पण माझ्या शेजारी घडणारे काही माझ्या कानावर पडेल अशी व्यवस्था करणे. यंत्र मला माझ्याच आवडीसारखे आणखी देते. गाण्याची वाट पाहणाऱ्या मुलीला ते गंधकाची कृती ऐकवणार नाही. शेतकऱ्यालाही ते मुलतानी ऐकवणार नाही. नव्या माध्यमांतल्या संपादकांना याचा विचार करावासा वाटला, तर त्यांना जुन्या पत्रिकांतून शिकण्यासारखे आहे. जे चुकले तेही शिकण्यासारखेच आहे. न्यूराथ यांच्या अभ्यासाची आठवण ठेवून असेही म्हणावे लागेल की, ऐकवण्याची सोय करून भागत नाही. ऐकल्यावर बोलायला जागा द्यावी लागते.

अभ्यासकांसाठी काम बरेच पडले आहे. ध्वनिफिती महाग होत्या, त्या पुसून पुन्हा वापरल्या जात. त्यामुळे आवाज पुष्कळसा गेला आहे. पण दिवस गेलेला नाही. ‘द इंडियन लिसनर’ या आकाशवाणीच्या नियतकालिकात केंद्रवार, वेळेनुसार कार्यक्रम छापले जात. मराठी दैनिकांतूनही रोजच्या पत्रिका येत. त्या सलग वाचल्या, तर कोणत्या वर्षी कोणता कार्यक्रम कोणाच्या शेजारी होता, स्त्रियांच्या आणि कामगारांच्या कार्यक्रमांची वेळ कधी सरकली, नव्या लेखकांची नावे कोणत्या तासात आधी दिसली, हे सगळे मांडता येईल. ही वाङ्मयाच्या इतिहासाची साधने आहेत. त्यांना तसे वागवले पाहिजे.

आणि दुसरे साधन घरोघरी आहे. आत्याच्या वहीसारख्या वह्या एकट्या तिच्याच नसणार. गाण्यांच्या वह्या म्हणून त्या माळ्यावर पडल्या असतील आणि गाणी आता सगळीकडे मिळतात म्हणून रद्दीत निघतील. देण्यापूर्वी गाण्याच्या समोरचे पान एकदा पाहावे, एवढीच विनंती.